कासवीची पाठ

काशीराम तांडेल आता घरी बसला, असं भाटवाडीत सगळे म्हणत. घरी बसलेलं मात्र त्याला कुणी बघितलं नव्हतं.

भाटवाडीला धक्का नव्हता. मुंबईची आगबोट लांब खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून आठ वल्ह्यांचा पडाव जायचा आणि माणसं, ट्रंका, गोणी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या असं सगळं उतरवून आणायचा. त्या पडावाच्या सुकाणूवर काशीरामनं तीस वर्षं काढली. दोन वर्षांमागं उजवा खांदा धरायला लागला, तेव्हा कुणी सांगायची वाट न बघता त्यानं सुकाणू पडावावरच्या तरण्या विठूच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे बाबा. माझं झालं."

झालं कसलं डोंबलाचं! उजाडायच्या आत हा गडी पुळणीवर हजर. वारा कुठला, पाणी कुठवर चढलंय, कुणाची होडी कुठं ओढून ठेवलीय, सगळी हजेरी घेऊन व्हायची. मग घरी येऊन पंधरा माडांना कावडीनं पाणी, तेही डाव्या खांद्यावर. मग सुंभ वळायला बसायचा, नाहीतर कुणाचं तरी फाटकं जाळं मांडीवर ओढून घ्यायचा. एवढं करून दुपारी आगबोटीच्या वेळेला पुन्हा पुळणीवर. काम काही नाही, नुसतं उभं राहायचं.

"समुद्र पळून जातो काय तुमचा?" राही विचारायची.

"तू घरात असतीस तर घरात बसलो असतो," तो म्हणायचा.

हे मात्र खरं होतं. राही त्याच्या वरताण. तीन वाड्यांची ती सुईण. त्या तीन वाड्यांत राहीच्या हातावर न जन्मलेलं पंचविशीच्या आतलं पोर दाखवा आणि नारळ घेऊन जा. साठी आली तरी कुणी दारात येऊन "काकू, चला" म्हटलं की हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून निघायची. कितीदा तरी काशीरामनं ती भाकरी उलटली होती, आणि दर वेळी ती जाळली होती. बाळंतपण नसेल तेव्हा सुकट वाळव, नारळ सोल, शेजारणीच्या भातलावणीत पाय घाल, असं चाललेलं. म्हातारपणी माणसं निवांत होतात म्हणतात. हे दोघं कुणाच्या निवांतपणाची वाट बघत होते देव जाणे.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. राहीला स्वतःला पाच पोरं झाली आणि चार गेली. जगाची जगली, हिच्या पदरात एक जनी राहिली. जनीला मुंबईत दिली होती. तिचा नवरा गंगाराम गिरणीत होता, माणूस सरळ. लग्नाला सहा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. नवस बोलून झाले, अंगारे लावून झाले, आणि त्या वर्षी कार्तिकात कागद आला की जनीला दिवस गेलेत. शाळामास्तरांनी वाचून दाखवला तसा राहीनं घरचा रस्ता धरला. घरी येऊन तिनं तिन्हीसांजेचा दिवा लावला आणि मग पदर तोंडाला लावून रडली. काशीराम उगाच जाळ्यातली गाठ सोडवत बसला. गाठ नव्हतीच.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काही नव्हतंच, आणि जिची आई राही तिला तर मुळीच नाही. प्रश्न होता तो कधी आणायची याचा. काशीराम म्हणाला, "चैत्रात आनू. समुद्र ताटात तूप ओतल्यासारका असतो." गंगारामचाही तसाच कागद आला. मास्तरांनी तारीख वाचली आणि राहीनं बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, दोनदा मोजलं.

"त्या दिवशी सात सरून आठवा लागतो," ती म्हणाली. "आठव्यात हलवायची नाय."

"अगो, दोन दिवसांनी काय होतंय?"

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाय. मी माज्या हातानं दोन पुरलीत, तुमी नाय. नववा लागू दे, मंग आना."

आता सुईणीपुढं कुणी काय बोलायचं? काशीराम समुद्रातलं सांगेल ते राही ऐकायची, आणि बाळंतपणातलं राही सांगेल ते तो ऐकायचा. पस्तीस वर्षांच्या संसारात ही वाटणी कधी मोडली नव्हती. त्यानं मनात हिशेब केला. नववा लागतो वैशाख सरताना. शेवटची आगबोट ज्येष्ठाच्या तोंडावर. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. म्हणजे शेवटच्या नाहीतर त्याच्या आधीच्या आगबोटीनं यायला हवी. समुद्र तोवर फिरतो कधी कधी. कधी कधी नाही फिरत. त्यानं तोंड उघडलं होतं, पण राही तेव्हा उखळात मेथ्या कुटत होती आणि तिच्या तोंडावर असा काही उजेड होता की त्यानं ते मिटलं. आधीच्या आगबोटीला गंगारामला रजा मिळाली नाही. कागद आला, शेवटच्या आगबोटीनं दोघं निघतो.

तोवर राहीनं काय काय करून ठेवलं! डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू. एवढा मोठा पत्र्याचा डबा भरला. जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. ओवा भाजून बरणीत. बाळंतिणीची काळोखी खोली दोनदा शेणानं सारवली, बाजेला काशीरामनं नवं सुंभ ओढलं. लाडवाला त्यानं एकदा हात लावला तर हातावर फटका बसला. "तुमी बाळंत होनार काय?" चैत्रात मुंबईला जाणाऱ्या एका बाईबरोबर राहीनं हिरवं लुगडं धाडलं होतं आणि निरोप दिला होता, येताना हेच नेसून ये, लांबून ओळखता येईल.

*

शेवटच्या आगबोटीच्या आधी दोन दिवस वारा दक्षिणेकडून लागला. पाऊस नाही, ढगही फार नाहीत, पण पाणी खालून उचलत होतं. काशीरामला रात्री झोप आली नाही हे सांगायला नको. सकाळी तो पुळणीवर गेला आणि त्यानं सगळ्यात आधी बघितली ती कासवी.

कासवी हा एक खडक. पुळणीपासून दोनएकशे हात आत, पडावाच्या वाटेच्या डाव्या अंगाला. भरती असो, ओहोटी असो, त्याची काळी पाठ पाण्यावर असायचीच. लाट यायची, पाठ बुडायची, लाट सरली की पुन्हा वर. भाटवाडीचा शिरस्ता असा होता की सलग तीन लाटांत कासवीची पाठ दिसली नाही तर पडाव पाण्यात घालायचा नाही. आगबोटीत कुणी का असेना. लाटसाहेब असला तरी नाही.

हा शिरस्ता काशीरामनंच घातला होता. बावीस वर्षांमागं कुणी बडा अंमलदार आगबोटीवर खोळंबला होता. कासवी बुडाली होती. जुने लोक नको म्हणत होते. काशीराम तेव्हा चाळिशीच्या आत, अंगात रग, आणि आपल्यासारखा तांडेल या किनाऱ्याला नाही असं लोक म्हणत ते त्यालाही पटलेलं. पडाव घातला. जाताना गेला. येताना कासवीपाशी आडवा झाला. अंमलदार वाचला, काशीराम वाचला, दोन वल्हेकरी गेले. त्यातला एक विठूचा बाप. विठू तेव्हा चार वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीला हात लावून काशीरामनं सगळ्या गावापुढं तो तीन लाटांचा शिरस्ता सांगितला आणि पुढं वीस वर्षं एकदाही मोडला नाही. विठूला त्यानंच वल्हं धरायला शिकवलं, त्यानंच सुकाणू दिलं. देताना दुसरं काही सांगितलं नाही. "कासवी बघ. माणसांची तोंडं बघू नको," एवढंच.

दुपार कलल्यावर आगबोटीचा धूर दिसला. पुळणीवर माणसं जमली. ज्यांची ज्यांची येणार होती ती सगळी, पण बाकीच्यांना आपापली पोरंबाळं आज नाही तर दिवाळीला भेटणार होती. राही खांद्यावर घोंगडी आणि हातात पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. जनीला उतरवल्यावर पायावर पाणी घालायचं होतं.

आगबोटीनं नांगर टाकला. पहिला भोंगा झाला.

विठू आणि त्याचे आठ गडी पडावाला हात लावून उभे होते. सगळे कासवीकडं बघत होते. लाट आली, गेली, पाठ दिसली नाही. दुसरी आली, गेली. पांढरा फेस तेवढा फिरला. तिसरी. चौथी. पाचवीला एकदा काळं काही दिसल्यासारखं झालं आणि पुन्हा गेलं.

काशीरामला जवळचं जरा अंधुक दिसायचं, पण दूरचं अजून लख्ख दिसायचं. त्यानं आगबोटीच्या कठड्यावर नजर लावली. शिडी सोडतात तिथं, माणसांच्या गर्दीत, एक हिरवा ठिपका होता.

"हाय," तो म्हणाला. "शिडीपाशी उभी हाय."

राहीनं डोळ्यांवर हात धरला. तिला नुसती आगबोट दिसत होती. तरी तिनं हात वर केला आणि हलवला. मग तिनं पडावाकडं बघितलं, विठूकडं बघितलं. "अरे, घालत का नाय?"

विठू खाली वाळूकडं बघत म्हणाला, "काकू, कासवी नाय दिसत."

"ती दिसली मगाशी."

"पाचात एकदा."

दुसरा भोंगा झाला. भाटवाडीला आगबोट तीनदा भोंगा द्यायची, तिसऱ्यानंतर थांबायची नाही. हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

राहीनं घोंगडी वाळूत टाकली आणि ती काशीरामच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुमी घ्या सुकानू," ती म्हणाली. "पोर खाली येऊ शकली नाय तर कुठं जाईल ती? मला तिच्या पोटाला हात लावू द्या एकदा. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

काशीरामनं उजवा हात उचलून बघितला. खांद्याच्या वर तो जात नव्हता. हे राहीलाही ठाऊक होतं, रोज रात्री तीच तेल लावायची.

तेव्हा विठू पुढं आला. चांगला पोरगा तो, मनात काही ठेवून बोलणारा नव्हे. तो म्हणाला, "काका, शिरस्ता तुमचा. तुमी घातलात, तुमीच मोडू शकता. तुमी नुसतं 'घाल' म्हना. मी घालतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काशीरामनं त्या आठ जणांकडं बघितलं. माणसांची तोंडं बघू नको म्हणून ज्यानं सांगितलं तोच आता तोंडं बघत होता. कडेला लवू होता. त्याची बायको सगुणा दिवस भरून घरी बसलेली. सकाळीच राही तिला बघून आली होती आणि आज नाहीतर उद्या म्हणाली होती. लवू पडावाच्या कडेवर बोटानं रेघा ओढत होता. बाकीच्यांच्याही घरी कोण ना कोण होतंच. एकानंही नको म्हटलं नाही. तांडेलानं म्हटलं असतं तर सगळे गेले असते, आणि तेच वाईट होतं.

त्यानं पुन्हा समुद्र बघितला. उजव्या अंगानं एक वाट होती. दोन उचलींच्या मधे पाणी जरा सपाट व्हायचं, तिथून काढता आला असता पडाव. तीस वर्षांमागं त्यानं काढला असता. पण जाऊन काय? आगबोटीच्या शिडीशी पडाव दोन पुरुष उंच वर, दोन पुरुष खोल खाली नाचणार. त्या शिडीवरून नवव्या महिन्यातली बाई कशी उतरायची? आणि उतरली तरी येताना कासवी होतीच. हे सगळं त्याला दिसत होतं. 'नको' म्हणायला एवढं पुरे होतं. पण तो हिरवा ठिपकाही दिसत होता, आणि 'नको' तोंडातून निघेना. 'घाल' म्हणायचं तर विठूच्या तोंडावर विठूच्या बापाचं नाक होतं, तेही निघेना. एवढा मोठा तांडेल, सगळा गाव त्याच्या तोंडाकडं बघतोय, आणि तो मुकाट उभा.

तिसरा भोंगा झाला.

नांगर वर जाताना साखळीचा आवाज वाऱ्यानं किनाऱ्यापर्यंत आला. आगबोट हळूहळू वळली. हिरवा ठिपका कठड्याच्या कडेनं मागं मागं सरकत गेला, म्हणजे जनी चालत होती, किनारा दिसेल त्या बाजूला राहायला. मग आगबोट आडवी झाली आणि काही दिसेनासं झालं.

विठूनं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "रत्नागिरीला उतरवतील," कुणीतरी म्हणालं. "तिथं आडोसा हाय. गाडीनं आनू उद्या." सगळे हो हो म्हणाले. काशीरामनं तोंड वाऱ्याकडं केलं. वारा कुठला आहे ते त्याला कळत होतं.

राहीनं तांब्यातलं पाणी वाळूत ओतलं आणि घोंगडी झटकून घडी केली.

दोघं घरी आली. दिवेलागणीला लवू धावत आला. अंगणातच थांबला, पुढं येईना. त्याला लाज वाटत होती, बिचाऱ्याला. "काकू," एवढंच म्हणाला. राही उठली, बरणीतला ओवा घेतला, दोऱ्याची गुंडी घेतली आणि त्याच्या मागून गेली. ताटकळत ठेवणं तिच्यात नव्हतंच. तासाभरात सगुणा मोकळी झाली. मुलगा, चांगला रडका. राही परत आली, आंघोळ केली, आणि काशीरामच्या शेजारी ओट्यावर बसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"मुलगा. डोक्यानं आला. सरळ." मग ओलं तोंड पदरानं पुसत म्हणाली, "रत्नागिरीला उतरली असंल."

"असंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बैलगाडी सांगायला काशीराम निघाला होता, तो पुळणीवर थबकला. समुद्रात खूप आत धूर होता. आगबोटच होती, पण उत्तरेकडं चालली होती. रत्नागिरीलाही पडाव सुटले नव्हते. कप्तानानं रात्र बाहेर समुद्रात काढली आणि आल्या वाटेनं मुंबईला परत फिरवली होती. काशीराम वाळूत खाली बसला. थोड्या वेळानं राही आली, त्याला बघून तिनं समुद्राकडं बघितलं आणि तिला कळलं. धूर भाटवाडीपुढून गेला. तो गेल्यावर दुपारपर्यंत समुद्र निवला. कासवीची पाठ उघडी पडली आणि तिच्यावर दोन बगळे येऊन बसले. काशीरामला त्या खडकाचा असा संताप आला की त्यानं एक दगड उचलला. खांदा दुखला, दगड जवळच पडला.

*

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. पाऊस लागला. तार करायची तर तालुक्याला जायला हवं, आणि तारेत विचारायचं काय? कागदाची वाट बघण्यापलीकडं हातात काही नव्हतं. रोजची कामं मात्र चुकली नाहीत. त्यानं सुंभ वळलं. तिनं सुकटीची पोती उचलून माळ्यावर टाकली. लाडवांचा डबा कोनाड्यात तसाच होता. शेजारणीनं सगुणेसाठी दोन लाडू मागितले तर राही म्हणाली, "ते जनीचे." आगबोट आता तीन महिने नाही हे काय तिला ठाऊक नव्हतं?

दोघांजवळ एक एक सुरी होती. "तुमी एक शब्द बोलला असतात तर," असं राही म्हणू शकली असती. "चैत्रात आनू दिली असतीस तर," असं काशीराम म्हणू शकला असता. दोघांनाही ते ठाऊक होतं. जेवताना, पाणी भरताना, दिवा मालवताना ते दोघांच्या मधे असायचं. कुणीच आपली सुरी बाहेर काढली नाही. त्या घरात एवढी शांतता कधीच नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी सकाळी मास्तर इरलं घेऊन स्वतःच घरी आले. कागद त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी आधी वाचला होता, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. राहीनं त्यांना पाट दिला. मास्तर बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"वाचा," राही म्हणाली.

कागद गंगारामच्या हातचा होता, पण सांगितला होता जनीनं. मास्तरांनी वाचला. आये, आबा, मी बरी आहे. परत येताना आगबोटीवरच पोट दुखायला लागलं. डेकावर हर्णैची एक मासळीवाली बाई होती, तिनं लुगड्याचा आडोसा केला, बिचारीनं खूप केलं. पण पोर पायाळू होतं. पाय आले, डोकं अडकलं. मुलगा होता. आये, तू काय करतेस ते मला आठवत होतं, पण सांगता येईना.

"थांबा," राही म्हणाली. "पाय दोनी आले होते काय एकच? लिवलंय?"

मास्तरांनी कागद उलटून बघितला. "तसं लिहिलेलं नाही."

राहीचे हात मांडीवर होते. ते हलले. एक तळवा वर, एक बोट आत, जरा वळवून खाली घ्यायचं. किती वेळा केलं होतं तिनं, चौदा पायाळू पोरं तिनं अशी काढली होती आणि त्यातलं एकच गेलं होतं. काशीराम त्या हातांकडं बघत राहिला. थोड्या वेळानं ते आपोआप थांबले.

मास्तर पुढं वाचू लागले. आबांना सांगा, मी रागावले नाही. कासवी बुडाली होती ती मला वरून दिसत होती. लोक ओरडत होते, पडाव का येत नाही, तांडेल भित्रा आहे. मी त्यांना सांगितलं की तो शिरस्ता माझ्या आबांचा आहे, आबा स्वतःच्या लेकीसाठीसुद्धा मोडायचे नाहीत. मी हातातलं बोचकं खाली ठेवलं. आबा आत्ता 'नको' म्हणाले असतील, असं मी ह्यांना म्हटलं.

कागद संपला. मास्तर उठले. जाताना हळूच म्हणाले, "बारशाआधी गेलेल्याचं सुतक धरायचं नसतं. तुम्ही आजोळचे, तुम्हांला तर नाहीच." त्यांना वाटलं, तेवढाच आधार.

ते गेल्यावर पागोळ्यांचा आवाज तेवढा राहिला. काशीराम म्हणाला, "राही, मी 'नको' म्हटलं नव्हतं."

"मला ठाव हाय."

"मला शब्दच फुटला नाय. तिसरा भोंगा झाला म्हनून झालं ते. आनि पोर तिकडं सांगते, आबांचा शिरस्ता."

"मी समोरच होते," राही म्हणाली. "बघितलं मी." मग ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आनि ते आठव्याचं. ते तुमी मनात काय म्हनायचं ते म्हना. पन मला कधी बोलून दाखवू नका. मला सोसनार नाय."

"नाय बोलनार," तो म्हणाला. मग दोघं रडली, एका खोलीत, पण जवळ न येता.

त्याच दुपारी लवूच्या घरी बारसं होतं. सुईणीवाचून पाळण्यात घालत नाहीत. काशीरामला वाटलं, आज नाही जाणार. राहीनं धुवट लुगडं नेसलं, केस नीट केले, आणि कोनाड्यातला लाडवांचा डबा खाली काढून त्याच्या हातात दिला. "धरा. जड हाय."

पावसातून दोघं गेली. वाटेत कासवी दिसायची ती जागा आली, पण समुद्रावर पावसाचा पडदा होता आणि काही दिसत नव्हतं. लवूच्या घरात कागदाची वार्ता पोचली नव्हती. सगुणेनं विचारलं, "काकू, जनीचं काय कळलं?"

"बरी हाय," राही म्हणाली. "तू खा आता. हे दूध वाढवतात." आणि डबा उघडून तिच्यापुढं ठेवला.

काशीराम बाहेर पडवीत पुरुषांत बसला होता. आतून त्याला राहीचा आवाज ऐकू येत होता. गोविंद घ्या, गोपाळ घ्या, असं तिनं पोराला पाळण्याच्या वरून खालून देताना म्हटलं आणि मग ती पाळणा म्हणू लागली. चारही कडवी म्हटली. आवाज कुठं अडकला नाही.

मग लवू पोराला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आला. त्यानं ते काशीरामच्या मांडीवर दिलं आणि वाकून पायाला हात लावला. "काका," तो म्हणाला, "तुमी त्या दिवशी घातला नाय म्हनून मी हाय. ह्याला तुमी सांगा मोठा झाल्यावर."

पडवीतली सगळी माणसं काशीरामकडं बघत होती. पोरानं डोळे मिटले होते. काशीरामला खरं सांगायचं होतं, निदान एवढं तरी म्हणायचं होतं की बाबा, मी काही केलं नाही. त्यानं तोंड उघडलं. तेव्हाही शब्द फुटला नाही. आत राही कुणाला तरी सांगत होती की डबा भरून आहे, सगळ्यांना एक एक द्या.